वाचकांचे प्रश्न : बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची संख्या

बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात धान्याचा १ दाणा, दुसऱ्या घरात २, तिसऱ्यात ४, अशी प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट भर घालत गेल्यास चौसष्टाव्या घरापर्यंत एकूण १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात, असे या सदरात मागे लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रे संख्येच्या प्रचंडपणावर न थांबता तिच्या घडणीविषयी विचारणारी आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. या संख्येच्या आकारमानाने आपण एकदा थक्क होतो. तिच्या अवयवांकडे मात्र पुनःपुन्हा वळावेसे वाटते. त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर या एकाच संख्येला दिले आहे.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षक, सातारा) : माझा कॅल्क्युलेटर या बेरजेचे पहिले दहा अंक दाखवून पुढे फक्त दहाचा घात लिहितो. नातवाने संगणकावर स्प्रेडशीटमध्ये २ चा ६४ वा घात काढला, तर उत्तराच्या शेवटी पाच शून्ये आली. मग आपण छापलेले ‘६१५’ कुठून आले, आणि ते बरोबर आहे हे मी कागदावर कसे पडताळून पाहावे?

उत्तर : स्प्रेडशीट साधारणपणे पंधरा अंकांपर्यंतच अचूकता दाखवते आणि उरलेल्या जागा शून्यांनी भरते, म्हणून ती शून्ये खरी मानू नयेत. आपली संख्या वीस अंकी आहे. ती अचूक काढण्यासाठी कागद-पेन्सिल पुरेशी आहे.

प्रथम बेरीज. सर्व दाण्यांच्या बेरजेची दुप्पट केली, तर प्रत्येक घरातील दाणे पुढच्या घरातील दाण्यांएवढे होतात. म्हणजे दुप्पट केलेल्या बेरजेत २ पासून पुढची सर्व पदे जशीच्या तशी असतात, शेवटी २ चा ६४ वा घात हे एक नवे पद येते आणि आरंभीचा १ तेवढा नाहीसा होतो. या दुपटीतून मूळ बेरीज वजा केली की उरते ती २ चा ६४ वा घात उणे १. आता प्रश्न राहिला तो घात काढण्याचा. त्यासाठी दोनाने चौसष्ट वेळा गुणत बसण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत गुणोत्तर श्रेढीसाठी जी रीत दिली आहे, तीच येथे उपयोगी पडते. पदांची संख्या विषम असेल तर तीतून एक वजा करून ‘गुणक’ अशी खूण करावी, सम असेल तर ती निम्मी करून ‘वर्ग’ अशी खूण करावी, आणि शून्यापर्यंत पोहोचल्यावर उलट्या क्रमाने त्या खुणांप्रमाणे गुणाकार व वर्ग करीत यावे. ६४ निम्मे होत होत सहा पायऱ्यांत १ वर येते, त्यामुळे येथे एक ‘गुणक’ आणि सहा ‘वर्ग’ मिळतात. २ पासून निघून ४, १६, २५६, ६५,५३६ आणि ४,२९,४९,६७,२९६ हे पाच वर्ग तर शाळकरी मुलालाही करता येतील. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला होता, असे तेथील शिलालेख सांगतो. त्या मठात ही रीत घोकली गेली असेल, हा विचार मला नेहमीच सुखावतो.

सहावा वर्ग तेवढा मोठा आहे. ४,२९,४९,६७,२९६ या संख्येचे ४२,९४९ आणि ६७,२९६ असे पाच-पाच अंकांचे दोन भाग करावेत. पहिल्या भागाचा वर्ग १,८४,४६,१६,६०१ येतो. त्यापुढे दहा शून्ये लिहावीत. दोन्ही भागांच्या गुणाकाराची दुप्पट ५,७८,०५,९१,८०८ येते. तिच्यापुढे पाच शून्ये लिहावीत. दुसऱ्या भागाचा वर्ग ४,५२,८७,५१,६१६ येतो. तो आहे तसाच मांडावा. तिन्हींची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ होते आणि तीतून १ वजा केला की आपला आकडा मिळतो. पडताळा हवा असल्यास अंकांची बेरीज करावी. छापलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८७ आहे, म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी ६ उरायला हवी. दुसऱ्या बाजूने पाहता, २ च्या सहाव्या घाताला म्हणजे ६४ ला ९ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून साठाव्या घाताचीही बाकी १, चौथ्या घाताची ७, आणि त्यातून एक गेला की ६. दोन्ही वाटांनी एकच बाकी येते.

अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर अल-बिरुनी यांनीही हीच संख्या शेवटच्या अंकापर्यंत अचूक दिली होती, आणि तीही वर्गावर वर्ग करण्याच्या याच मार्गाने.

प्रश्न (नववीतील विद्यार्थिनी, नाशिक) : ही संख्या मराठीत वाचायची कशी? कोटीच्या पुढे आम्हाला शिकवलेले नाही.

उत्तर : लीलावतीत एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी दसपटीने वाढणारी अठरा नावे आहेत. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. त्यानुसार आपली संख्या १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकु, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९५ लक्ष, ५१ सहस्र, ६१५ अशी वाचावी. निखर्व आणि कोटीच्या स्थानी शून्य असल्यामुळे ती दोन नावे येत नाहीत. वर्गात सर्वांसमोर एकदा वाचून दाखवा.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : काशीच्या एका देवळात पुजारी सोन्याच्या ६४ चकत्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर हलवीत आहेत आणि ते काम संपल्यावर जगाचा अंत होईल, अशी कथा वाचली. तेथेही हीच संख्या दिली होती. हे खरे आहे का?

उत्तर : संख्या खरी आहे, कथेला मात्र इतिहासाचा आधार नाही. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८३ साली तीन खांब आणि लहान-मोठ्या चकत्या असे एक कोडे प्रसिद्ध केले, आणि काशीची कथा त्या कोड्याबरोबरच पसरली. एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही, असा त्यात नियम आहे. सर्वांत खालची चकती हलवण्यासाठी आधी वरच्या सर्व चकत्या तिसऱ्या खांबावर न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात. म्हणजे एक चकती वाढली की आधीच्या खेळ्यांची दुप्पट अधिक एक खेळी, असा हिशेब होतो. १, ३, ७, १५ असे करीत ६४ चकत्यांना नेमकी आपलीच संख्या येते. सेकंदाला एक खेळी धरली तर सुमारे ५८,४५० कोटी वर्षे लागतील, आणि विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

दाण्यांच्या वजनाविषयी विचारणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, तांदळाच्या हजार दाण्यांचे वजन २५ ग्रॅम धरल्यास ही रास सुमारे ४६,००० कोटी टन भरते. जगात आज वर्षाला पन्नास कोटी टनांहून थोडा अधिक तांदूळ तयार होतो. बाकीचा हिशेब वाचकांनी करावा.

प्रश्न (गणिताच्या शिक्षिका, कोल्हापूर) : संख्येच्या शेवटी ५ आहे, म्हणून तिला ५ ने भाग जातो, आणि अंकांची बेरीज ८७ असल्याने ३ नेही जातो, एवढे मुलांना सांगितले. पुढचे अवयव कसे शोधावेत? वीस अंकी संख्येचे मूळ अवयव हाताने काढता येतात का?

उत्तर : सर्वसाधारण वीस अंकी संख्येचे अवयव हाताने काढणे फार कष्टाचे आहे. ही संख्या मात्र स्वतःहून उलगडते, आणि मला तिचे जे प्रेम वाटते ते यामुळेच. दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र मुलांना ठाऊक असते. २ चा ६४ वा घात हा ३२ व्या घाताचा वर्ग आहे आणि १ हा १ चाच वर्ग आहे, म्हणून आपली संख्या म्हणजे ३२ व्या घातातून १ वजा करून येणारी संख्या गुणिले ३२ व्या घातात १ मिळवून येणारी संख्या. पटाच्या भाषेत, पहिल्या ३२ घरांतील दाणे ४,२९,४९,६७,२९५ आहेत, आणि त्यांना ४,२९,४९,६७,२९७ ने गुणले की संपूर्ण पटावरील दाणे मिळतात. पहिल्या गुणकाला पुन्हा तेच सूत्र लावावे, त्यातून निघालेल्या पहिल्या गुणकाला पुन्हा लावावे. असे करीत गेल्यावर शेवटी ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७ असे सहा गुणक उरतात.

यांपैकी पहिले पाच मूळ संख्या आहेत. २ च्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या घातात एक मिळवून त्या तयार झाल्या आहेत. १६४० च्या सुमारास पिएर द फेर्मा यांनी हे पाहिले आणि घातांक असाच दुप्पट करीत गेल्यास प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळेल, असा विश्वास व्यक्त केला. त्यांना सिद्धता सापडली नव्हती आणि तसे त्यांनी लिहिलेही होते. पुढची संख्या होती ती आपली ४,२९,४९,६७,२९७. सुमारे नव्वद वर्षे तिच्याबद्दल कोणालाही काही ठरवता आले नाही. १७२९ च्या अखेरीस गोल्डबाख यांनी पत्रातून हा प्रश्न तरुण ऑयलर यांच्यापुढे ठेवला, आणि १७३२ साली ऑयलर यांनी दाखवून दिले की ही संख्या ६४१ × ६७,००,४१७ आहे. म्हणजे फेर्मा यांचा तर्क पहिल्या पाच संख्यांपुढे लगेचच कोसळतो.

६४१ हाती कसा लागला असेल? ऑयलर यांनी पुढे सिद्ध केले की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच असला पाहिजे. ६५, १२९, १९३, २५७, ३२१ अशा या यादीतून मूळ संख्या तेवढ्या निवडल्या, तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ असा क्रम लागतो. चार भागाकार फसतात आणि पाचवा निःशेष जातो. दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे हेही याच गाळणीतून ठरते. त्याचे वर्गमूळ २,५८९ पेक्षा कमी आहे, त्यामुळे तपासायच्या संख्या फार तर चाळीस उरतात आणि त्यांतील बऱ्याच उघडच संयुक्त आहेत. अमेरिकेतला गणनपटू बालक झेरा कोलबर्न याला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हीच दहा अंकी संख्या दिली असता त्याने मनातल्या मनात ६४१ हा अवयव सांगितला होता.

भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे सिद्ध करता येते, आणि ही सिद्धता दहावीच्या मुलांना फळ्यावर अवश्य दाखवावी. ६४१ या संख्येची दोन रूपे ध्यानात घ्यावीत. एक, ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. दुसरे, ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. आता पहिल्या रूपाला २ च्या २८ व्या घाताने गुणावे. डावीकडे ६४१ ची पट राहते. उजवीकडे एक पद ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, आणि दुसरे पद २ चा ३२ वा घात. यांतील पहिले पद म्हणजे दुसरे काही नसून ६४० चा चौथा घात आहे. कोणत्याही संख्येच्या चौथ्या घातातून १ वजा केला तर त्या संख्येत १ मिळवून येणाऱ्या संख्येने भाग जातो. म्हणून ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा करून येणारी संख्यासुद्धा ६४१ चीच पट आहे. ६४१ च्या या दोन पटींची वजाबाकी केली की ६४० चा चौथा घात दोन्हीकडून निघून जातो आणि उरते २ चा ३२ वा घात अधिक १. तीही अर्थातच ६४१ ची पट. इतक्या मोठ्या संख्येबद्दल इतकी लहान आणि इतकी पक्की सिद्धता मला क्वचितच दिसली आहे.

तर दाण्यांच्या संख्येचे पूर्ण अवयव ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७ असे आहेत. सातही मूळ अवयव एकेकदाच येतात, म्हणून एकूण विभाजक २ चा सातवा घात म्हणजे १२८. तीन, पाच, पंधरा, सतरा, एक्कावन्न, पंच्याऐंशी जणांत दाणे समान वाटता येतील. सात जणांत वाटल्यास एक दाणा उरेल आणि अकरा जणांत वाटल्यास चार. सातारच्या वाचकांनी विचारलेल्या स्प्रेडशीटचा दोष येथे विशेष जाणवतो. शेवटचा १ वजा झालाच नाही, तर उरणाऱ्या संख्येला २ शिवाय एकही मूळ अवयव नाही.

प्रश्न (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर) : या संख्येत १ मिळवला तर केवळ दोनाचा घात मिळतो. पण २ मिळवले तर? ती संख्या मूळ असेल का?

उत्तर : तीही फेर्मा यांच्या मालिकेतलीच पुढची संख्या आहे, २ चा ६४ वा घात अधिक १, आणि तीही संयुक्त आहे. तिचे अवयव २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. थॉमस क्लाउसेन यांना ते १८५५ सालीच सापडले होते आणि गाउस यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते कळवले होते, परंतु ते जगापुढे आले नाही. १८८० साली फॉर्च्युने लांद्री यांनी वयाच्या ८२ व्या वर्षी ते स्वतंत्रपणे शोधून काढले. ६५,५३७ नंतर या मालिकेत आजतागायत एकही मूळ संख्या मिळालेली नाही. घातांकाचे बत्तीस वेळा दुपटीकरण केलेल्या संख्येपर्यंतच्या सर्व संयुक्त ठरल्या आहेत. त्यानंतरची, म्हणजे सुमारे २५८ कोटी अंक असलेली संख्या मूळ की संयुक्त, हा प्रश्न खुला आहे.

प्रश्न (सॉफ्टवेअर क्षेत्रातील वाचक, नवी मुंबई) : संगणकाच्या ६४ बिटांच्या पूर्णांकात साठवता येणारी सर्वांत मोठी संख्या हीच आहे, आणि तीत १ मिळवला की उत्तर शून्य येते. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून लिहिल्यास, ती म्हणजे ओळीने ६४ एक. या रूपातून तिच्या अवयवांबद्दल काही कळते का?

उत्तर : अवश्य कळते. ऋण चिन्ह न ठेवणाऱ्या ६४ बिटांच्या पूर्णांकाचे सर्व बिट १ झाले की पुढच्या १ साठी जागाच उरत नाही, म्हणून मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६४ एकांचे दोन-दोनांचे, चार-चारांचे, आठ-आठांचे, सोळा-सोळांचे, बत्तीस-बत्तीसांचे समान गट पडतात. वर वर्गांच्या वजाबाकीने जे गुणक मिळाले, ते या गटांमुळेच मिळाले.

याहून देखणी गोष्ट मेरुप्रस्तारात आहे. पहिल्या ओळीत १, दुसरीत १ १, तिसरीत १ २ १, चौथीत १ ३ ३ १, असा हा त्रिकोण. पिंगलांच्या छंदःशास्त्रावरील हलायुधांच्या दहाव्या शतकातील टीकेत त्याची मांडणी सांगितली आहे. त्यात प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहून प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचावी. १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ अशा संख्या क्रमाने मिळतात. पहिल्या बत्तीस ओळींत मिळणाऱ्या संख्या म्हणजे पटाच्या पहिल्या अर्ध्या भागावरील ४,२९,४९,६७,२९५ दाण्यांचे नेमके बत्तीस विभाजक आहेत, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. चौसष्टावी ओळ सगळीच विषम आहे, म्हणजे ती ६४ एकांची, आपलीच संख्या आहे.

या बत्तीस ओळींचा भूमितीशीही संबंध आहे. गाउस यांनी १७९६ साली सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी आणि कंपास वापरून काढता येते हे दाखवले. त्यांच्या आणि पुढे १८३७ साली वांत्सेल यांनी पूर्ण केलेल्या सिद्धांतानुसार, विषम संख्येएवढ्या बाजूंची सुसम आकृती अशा रीतीने काढता येण्यासाठी ती संख्या फेर्मा यांच्या मालिकेतील वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. अशा पाचच मूळ संख्या ठाऊक असल्यामुळे आज माहीत असलेल्या विषम बाजूंच्या काढता येण्याजोग्या आकृती ३१ आहेत, आणि त्या सर्व बाजूसंख्या मेरुप्रस्ताराच्या दुसऱ्या ओळीपासून बत्तिसाव्या ओळीपर्यंत क्रमाने मांडलेल्या आहेत. त्यांतील सर्वांत मोठी ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची. तेहेतिसावी ओळ दोन टोकांना १ आणि मध्ये एकतीस शून्ये अशी आहे. ती वाचली की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. तिच्यात ६४१ शिरलेला असल्यामुळे तेवढ्या बाजूंची सुसम आकृती पट्टी-कंपासाने काढता येत नाही, आणि त्याच ६४१ मुळे संपूर्ण पटावरील दाण्यांएवढ्या बाजूंचीही नाही.